राजाच्या मेडलची कड

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, एवढी वर्षं दुकान चालवलंत, किती अनुभव असतील!" मी म्हटलं, "बाई, मी कप विकले. लोक आले, कप घेऊन गेले. यात अनुभव कसला?" त्या म्हणाल्या, "मग निदान एक जाहिरात तरी द्या." जाहिरातीचा दर ऐकला आणि लेख लिहिणंच परवडेल असं लक्षात आलं.

बंगळुरात इंदिरानगरच्या आतल्या एका क्रॉसवर, म्हणजे आडगल्लीत, आमचं ट्रॉफी आणि मेडलचं दुकान आहे. आता ते सून बघते. मी निवृत्त झाले आहे, म्हणजे रोज जाते, पंख्याखालच्या खुर्चीत बसते आणि कुणी न विचारता सल्ले देते. सुनेच्या मते मी पूर्वीपेक्षा जास्त काम करते. तिच्या सुरात कौतुक असतं की तक्रार, ते मी अजून नीट तपासलेलं नाही.

या धंद्यात माणसं बघायला मिळतात. एका कंपनीने 'सर्वात नम्र कर्मचारी' अशी ट्रॉफी करून घेतली आणि आकार निवडला दुकानातला सर्वात मोठा. नेणाऱ्याला ती रिक्षात बसेना. एका सोसायटीने लिंबू-चमच्याच्या शर्यतीला पोरं जितकी तितके कप घेतले, शिवाय एक पंचासाठी, कारण मागच्या वर्षी निकालानंतर त्याच्याशी निम्मी सोसायटी बोलत नव्हती. एक गृहस्थ स्वतःसाठीच कप घ्यायला आले होते. रोज सकाळी तळ्याभोवती चालतात, घरात कुणी दखल घेत नाही म्हणाले. 'सातत्याबद्दल' असं मी त्यावर घालून दिलं आणि चांगलं चकचकीत पॉलिश करून दिलं. बक्षीस द्यायला दुसरं कुणी नसेल तर माणसाने काय करावं? मला ते गृहस्थ आवडले.

दुकान सुरू केलं माझ्या सासऱ्यांनी. मामंजी बेळगावकडून इथे आले तेव्हा चिकपेठेत एका भांड्यांच्या दुकानाबाहेर पाट टाकून बसत आणि भांड्यांवर नावं घालत. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं. लग्नामुंजीत पूर्वी पितळेची, नंतर स्टीलची भांडी द्यायचे, आणि देण्याआधी त्यावर नाव घालून घ्यायचे. कुणाचं नाव? देणाऱ्याचं. 'चि. सौ. कां. अमकी हिस, तमक्या मावशीकडून सप्रेम भेट.' पातेलं नव्या नवरीचं, दूध तिचं, गॅस तिचा, पण रोज सकाळी दर्शन मावशीचं. शेजारी खीर पाठवली की पातेलं परतही येतं, हा त्यातला जास्तीचा फायदा.

मामंजींनी मला हे काम लग्नानंतर शिकवलं. छिन्नी अशी धरायची, हातोडी टेकवायची, मारायची नाही. देवनागरीचं एक बरं असतं, शिरोरेघ सरळ आली की अक्षरं आपोआप रांगेत बसतात. आमच्या घरातल्या ताटांवर माझा सगळा अभ्यासक्रम आहे. पाहुण्यांना अजूनही 'सप्रेम भे' पर्यंतच लिहिलेल्या ताटात जेवावं लागतं.

मेडलचं काम भांड्याच्या बरोबर उलट. तिथे घेणाऱ्याचं नाव घालायचं. आता बहुतेक काम लेसर मशीन करतं, पण दिवाळीच्या आधी जुनी गिऱ्हाइकं डबे घेऊन येतातच, आणि मेडलच्या कडेवर अक्षरं घालायची असतील तर तीही मीच हाताने घालते. एकच हात आणि दोन उलटे रिवाज. सांगायची गोष्ट यातूनच घडली.

दिवाळीच्या तोंडावर एक मुलगा दुकानात आला. केदार गोखले. मूळचा पुण्याचा, हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी आकाश बघणाऱ्या मंडळींच्या एका ग्रुपचा सेक्रेटरी. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"काकू, अ‍ॅक्च्युअली मला एक्झॅक्टली असं मेडल हवंय."

फोटोत एक जुनं सोन्याचं मेडल होतं. त्यावर एक भरल्या गालांचा माणूस.

"हे कोण? तुमच्या ग्रुपचे अध्यक्ष?"

"नाही हो काकू! हा डेन्मार्कचा राजा."

मग त्याने उभ्या उभ्या मला सगळी कथा सांगितली. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कच्या राजाने जाहीर केलं होतं की दुर्बिणीतून नवा धूमकेतू जो कुणी पहिल्यांदा शोधील त्याला सोन्याचं मेडल. अट एकच, शोध लागला की पहिल्या टपालाने कळवायचं. अमेरिकेतल्या एका बेटावर एक बाई होती, ग्रंथपालाची नोकरी करणारी. ती घराच्या छपरावर दुर्बीण लावून बसायची. तिला धूमकेतू दिसला. पण बाई पडली संकोची. घाईने गाजावाजा नको म्हणाली. शेवटी तिच्या वडिलांनी कळवलं, ते उशिरा. तोवर रोममधल्या एका पाद्रीबुवांनाही तोच धूमकेतू दिसला होता, तिच्यानंतर, पण त्यांची बातमी आधी पोहोचली.

"मग?" मी हातातला डबा खाली ठेवून विचारलं.

"मग बरीच पत्रापत्री. रूल इज रूल वगैरे. पण शेवटी राजाच्या दरबाराने मान्य केलं की आधी तिनेच पाहिलं. मेडल तिला मिळालं."

"आणि चेहरा राजाचा!"

"हो."

"आणि तिचं काय?"

"कडेवर. धूमकेतू दिसला तो दिवस वगैरे कडेवर कोरलाय."

मला हसू आलं. म्हणजे राजाकडेही भांड्यांचाच रिवाज होता. देणाऱ्याचं तोंड पुढे, घेणारी कडेला.

केदारला हे मेडल त्यांच्या ग्रुपमधल्या विमल देसाई यांच्यासाठी हवं होतं. त्या होसकोटेच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी धूमकेतू शोधला आहे, असं तो म्हणाला. राजाच्या जागी ग्रुपचं दुर्बिणीचं चिन्ह घालायचं ठरलं, पितळेवर सोन्याचा मुलामा, आणि कडेवर नाव. 'फक्त विमल देसाई आणि तारीख,' असं त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं, खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर.

मेडल छान उतरलं. कड कोरायला घेतली त्या दिवशी मी सकाळपासून डबे करत होते. कुणाकुणाच्या वहिनीस, कुणाकुणाच्या आत्याकडून. तोच पाट, तीच छिन्नी, समोर दोन नावांची चिठ्ठी. हाताने आपलं काम केलं. मी पॉलिश मारलं, डबीत ठेवलं आणि घरी गेले.

दोन-चार दिवसांनी शनिवारी दुपारी एक बाई आल्या. साधी कॉटनची साडी, खांद्याला मोठी पिशवी, चष्मा दोरीला बांधलेला. शाळा सुटल्यावर होसकोटेहून बसने थेट आल्या होत्या.

"अक्का, ते धूमकेतूचं मेडल इथंच करायला टाकलंय काय ओ?"

"हो! तुम्हीच विमलताई?" मला फार आनंद झाला. मेडल घेणारं माणूस आधी बघायला मिळत नाही. मी सुनेला चहा सांगितला आणि डबी काढून अगदी कौतुकाने त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मेडल उलटसुलट पाहिलं. चष्मा लावला. कड फिरवत फिरवत वाचली आणि एकदम हसायला लागल्या. इतक्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू थांबलं तरी पाणी थांबेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

मी मेडल घेऊन वाचलं. 'विमल देसाई यांस केदार गोखले यांजकडून सप्रेम भेट.'

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. राजाच्या मेडलवर मी पातेल्याचा मजकूर घातला होता! आतून सून बघत होती. तिने येऊन कानस माझ्यापुढे ठेवली, आणि तेच जास्त लागलं.

"ताई, माझी चूक. आत्ता घासून काढते. कड जाड आहे, एकदा घासता येते."

"घासू नका ओ अक्का," त्या म्हणाल्या. "बसा, सांगते तुम्हाला."

त्यांनी सांगितलं ते असं. सूर्यावर नजर ठेवणारं एक यान अवकाशात आहे. ते सूर्याला तबकडीने झाकून फोटो काढतं, आणि ते फोटो इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. सूर्याच्या अगदी जवळून जाणारे बारके धूमकेतू त्यात ठिपक्यासारखे सरकताना दिसतात. बंगळुरात ढगांमुळे दुर्बिणीला जे जमत नाही ते यांना घरच्या कॉम्प्युटरवर जमायचं. शाळेतून आलं की भाजी चिरायच्या आधी विमलताई फोटो बघायच्या. कित्येक वर्षं. घरचे म्हणायचे, त्या ठिपक्यांनी डोळ्यांसमोर ठिपके येतील.

मग एकदा खरंच दिसला. त्यांनी आपल्या ग्रुपवर लिहिलं, 'इथं एक ठिपका सरकतोय असं वाटतंय, जरा बघा रे कुणीतरी.'

"लगेच कळवायचं होतं की ओ!" मी म्हटलं.

"खात्री नको काय? चुकलं तर हसतात." त्या बेटावरच्या बाईचीच बहीण!

केदारने बघितलं, मोजमाप घेतलं, पटापट अर्ज भरला आणि परदेशात जिथे कळवायचं असतं तिथे पाठवला. शोधणाऱ्याच्या नावापुढे त्याने लिहिलं, केदार गोखले. ज्याचं आधी येईल त्याचं धरायचं, असा तिथला नियम. यादीत त्याचं नाव लागलं.

"सवयीनं घातलं म्हणतोय. रोज कुठं ना कुठं आपलंच नाव टाइप करायचं असतंय, बोटं गेली म्हणे. पोरगं वाईट नाही ओ अक्का. माझा कॉम्प्युटर बंद पडला तर हेब्बाळहून येऊन दुरुस्त करून जातंय. पण चूक कळल्यावर यादी बदलून घ्यायची सोडून मला मेडल देतोय. त्या यादीत नाव पाहिजे होतं बघा मला. एवढं एकच. पुढच्या वर्षी मी रिटायर होतेय, दुसरा धूमकेतू कधी दिसायचा?"

हाताच्या सवयीवर बोलायला मला त्या दिवशी जागाच नव्हती.

"मग मेडलचं काय करू?"

"त्याला असंच दाखवा," विमलताई म्हणाल्या. चहा संपवून बशी पुसून ठेवली आणि बस गाठायला गेल्या.

केदार आला तो उड्या मारतच. मी डबी पुढे केली. त्याने मेडल हातात घेतलं, "वॉव, काकू, सुपर्ब!" म्हणाला, आणि मग कड वाचली.

"काकू, हे... हे चुकलंय."

"चुकलंय खरं. हाताच्या सवयीने झालं. डब्यावर देणाऱ्याचं नाव असतं ना."

मी विचारलं, "पण एक सांग, यात तू काय दिलंस?"

"मेडल."

"त्याचे पैसे ग्रुपने दिले."

मग तो खाली स्टुलावर बसला. कान लाल झाले होते. म्हणाला, "काकू, त्यांनी तुम्हाला सांगितलं ना? मी बदलणारच होतो. पण तेवढ्यात ऑफिसात कळलं. सत्कार झाला. सगळ्या फ्लोअरसमोर. ट्रॉफी दिली. आईने पुण्यात अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आता कसं सांगू?"

"ट्रॉफी कसली?"

"अक्रिलिकची. तुमच्याच दुकानातली आहे. खाली नाव आहे दुकानाचं."

सुनेने कॉम्प्युटरवर शोधलं. होती! तारा, शेपटी, खाली 'धूमकेतू शोधक केदार गोखले'. कंपनीच्या मोठ्या ऑर्डरमध्ये मशीनवर निघून गेली होती. म्हणजे या शोधाचं एक बक्षीस आम्ही आधीच चुकीच्या माणसाला पोहोचवलं होतं, बिलासकट.

"आईला काय सांगू काकू?"

"जे सांगितलंस तेच, फक्त नाव बदलून. पेढे काही परत मागायला नकोत."

तो कसनुसं हसला. मेडल माझ्याकडे सरकवून म्हणाला, "कड घासून टाका. कोरी ठेवा. मी सांगेन तेव्हा कोरा."

मी घासली. आता पुन्हा चूक झाली तर घासायला कड उरणार नव्हती. ते मेडल शोकेसमध्ये तसंच राहिलं. येणारे-जाणारे विचारायचे, हे कुणाचं? मी म्हणायची, अजून ठरायचंय.

केदारने त्या यादीवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, नम्र आणि कोरडं: आधी कळवेल त्याचं नाव, हा नियम आहे. ते दाखवायला तो दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता, पण थोडा सुटल्यासारखाही वाटत होता. मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "तुझ्या त्या राजाकडे नियम नव्हता? त्या बाईसाठी पत्रापत्री करणारी माणसं एका उत्तरावर घरी जाऊन झोपली असती, तर आज हे मेडल त्या पाद्रीबुवांच्या नावाने सांगत असतास!"

"सरी काकू," तो म्हणाला, म्हणजे 'बरं'. पुण्याच्या मुलाच्या तोंडी कन्नड आलं की तो खरंच ऐकतोय असं मी समजते.

दुसरं पत्र त्याने आमच्या काउंटरवरच बसून लिहिलं. विमलताईंचा ग्रुपवरचा तो निरोप जोडला, वेळेसकट. आणि शेवटी लिहिलं की दोघांपैकी एकच नाव ठेवायचं असेल तर माझं काढा. ते वाक्य त्याने दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि पाठवून टाकलं. नंतर बाहेर जाऊन आईला फोन केला. काचेतून मला फक्त तो मान हलवताना दिसत होता. आत आला तेव्हा म्हणाला, "आई चिडली. मग म्हणाली, त्या बाईंना घेऊन पुण्याला ये."

उत्तर यायला वेळ लागला. दिवाळी होऊन गेली, संक्रांतीच्या वाणासाठी वाट्यांवर नावं घालायची गर्दी सुरू झाली, तेव्हा एकदा दोघं एकदमच दुकानात शिरले. विमलताई दारातूनच म्हणाल्या, "लागलं ओ अक्का नाव!" आणि पदराने डोळे टिपू लागल्या. केदारने मोबाइलवर यादी दाखवली. शोधणाऱ्याच्या रकान्यात विमल देसाई, एकटीच. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला काय कळणार त्या यादीतलं, पण माझेही डोळे भरून आले.

कड मी त्यांच्यासमोरच कोरली. सून शेजारी उभी राहून प्रत्येक अक्षर वाचत होती. तिच्यावर रागवायची माझी सोय नव्हती. 'विमल देसाई' आणि तारीख, बस. विमलताईंनी मेडल पिशवीत टाकलं. नंतर कळलं की शाळेतली मुलं ते चावून बघतात, खरं सोनं आहे का म्हणून.

केदारने जाताना ती अक्रिलिकची ट्रॉफी काउंटरवर ठेवली. आमच्या धंद्यात ट्रॉफी परत आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. अक्रिलिकवरचं नाव निघत नाही. हल्ली आम्ही तिने मागचं दार अडवतो.

ते निघणार तेवढ्यात विमलताई थांबल्या. पिशवीतून नवा कोरा स्टीलचा डबा काढला, तीन पुडांचा.

"अक्का, यावर नाव घालून द्या की. हे पोरगं रोज बाहेरचं खातंय."

"अहो ताई, कशाला!" केदार म्हणाला.

"तू गप रे. घ्या ओ अक्का. केदार गोखले यांस, विमल देसाई यांजकडून सप्रेम भेट. तुमच्या पद्धतीनं."

"निमित्त काय घालू?" मी विचारलं. लग्न, मुंज, वास्तुशांत, काहीतरी घालायची पद्धत आहे.

"धूमकेतू घाला."

मी घातलं. मोठ्या अक्षरांत, झाकणावर, अगदी मधोमध, जिथे राजाचं तोंड असतं तिथे.

केदार अधूनमधून दुकानात डोकावतो. परवा म्हणाला, "काकू, जेवायला डबा टेबलावर ठेवला की कुणी ना कुणी विचारतंच, हू इज विमल देसाई?"

"मग?"

"मग सांगतो," तो म्हणाला. "पहिल्यापासून. जेवण थंड होतं रोज."